डिट्रिश बोनहोफर : परत गेलेला पाद्री

आयटीत असल्यामुळे आपल्यापैकी बहुतेकांना एक प्रश्न तोंडपाठ असतो. ऑनसाइट संपल्यावर परत यायचं की तिथंच राहायचं? आई-वडील, मुलांची शाळा, ग्रीन कार्डाची रांग, पुण्यातल्या फ्लॅटचा हप्ता असे सगळे मुद्दे एक्सेल शीटमध्ये मांडून झाले तरी उत्तर काही सापडत नाही. आज ज्या माणसाबद्दल लिहायचंय त्याच्यापुढेही जून १९३९ मध्ये, न्यूयॉर्कमध्ये, हाच प्रश्न होता. फरक एवढाच, की तो जिथे परत जाणार होता तिथे हिटलर होता.

डिट्रिश बोनहोफर. वय ३३. पेशाने जर्मन प्रोटेस्टंट पाद्री आणि लेखक. युद्ध कोणत्याही क्षणी भडकणार हे दिसत होतं, म्हणून अमेरिकेतल्या मित्रांनी खटपट करून त्याच्यासाठी तिकडे काम शोधून ठेवलं होतं. १२ जूनला तो न्यूयॉर्कला उतरला आणि ७ जुलैच्या रात्री परतीच्या बोटीत बसला. म्हणजे जेमतेम २६ दिवस! त्यानंतर सहा वर्षांच्या आत, ९ एप्रिल १९४५ ला, नाझींनी त्याला फाशी दिली.

दुसरं महायुद्ध म्हटलं की आपल्याकडे हिटलर, रोमेल, स्टालिनग्राड यांवर हिरीरीने वाचलं जातं. पण हिटलरला आतून विरोध करणाऱ्या जर्मनांबद्दल फारसं माहीत नसतं. फार तर टॉम क्रूझच्या सिनेमामुळे श्टाउफेनबर्गचा बॉम्ब ठाऊक असतो. बोनहोफर त्याच वर्तुळाच्या एका टोकाचा माणूस. मी ख्रिस्ती नाही आणि फार धार्मिकही नाही, पण या माणसाने डोक्यात घर केलंय खरं.

सुरुवातीपासून सांगतो.

बोनहोफरचा जन्म ४ फेब्रुवारी १९०६ चा, ब्रेस्लाऊचा (हे शहर आता पोलंडमध्ये आहे, व्रोत्स्वाफ नावाने). आठ भावंडं, त्यातला हा सहावा, आणि त्याच्याबरोबर जुळी बहीण झबीन. वडील कार्ल बोनहोफर नामवंत मानसोपचारतज्ज्ञ. १९१२ मध्ये त्यांना बर्लिनला प्राध्यापकी मिळाली आणि कुटुंब तिकडे गेलं. थोरला भाऊ पुढे नावाजलेला रसायनशास्त्रज्ञ झाला, दुसरा पहिल्या महायुद्धात १९१८ मध्ये मारला गेला, तिसरा क्लाऊस वकील झाला. घरात विज्ञान, संगीत, वादविवाद सगळं होतं, पण चर्चला जायची फारशी पद्धत नव्हती. अशा घरात चौदाएक वर्षांच्या पोराने 'मी पाद्री होणार' असं जाहीर केलं. डॉक्टर-इंजिनियरच्या घरात मुलाने 'मी कीर्तनकार होणार' म्हटल्यावर जे होईल तेच झालं. भावांनी टिंगल केली, की चर्च ही एक मरगळलेली, निरुपयोगी संस्था आहे. यावर पठ्ठ्याचं उत्तर, की मग मी ती सुधारेन!

हुशारीबद्दल बोलायलाच नको. वयाच्या २१ व्या वर्षी, १९२७ मध्ये, बर्लिन विद्यापीठातून डॉक्टरेट. पण पाद्री म्हणून दीक्षा मिळायला वय कमी पडत होतं, म्हणून १९३० मध्ये वर्षभरासाठी न्यूयॉर्कला युनियन थिऑलॉजिकल सेमिनरीत. ही त्याची पहिली अमेरिकावारी.

इथे एक महत्त्वाची गोष्ट घडली. फ्रँक फिशर नावाच्या कृष्णवर्णीय वर्गमित्राने त्याला हार्लेममधल्या अॅबिसिनियन बॅप्टिस्ट चर्चमध्ये नेलं. गोऱ्यांच्या चर्चमधली गुळगुळीत प्रवचनं ऐकून कंटाळलेला हा जर्मन तिथे रमला. रविवारी मुलांना शिकवायला लागला. वंशभेद म्हणजे काय, हे त्याने पुस्तकात नाही तर मित्राबरोबर फिरताना पाहिलं. परत जाताना त्याने कृष्णवर्णीयांच्या भक्तिगीतांच्या रेकॉर्ड्स बरोबर नेल्या. याच वर्षी झां लासेर नावाच्या फ्रेंच मित्रामुळे तो शांततावादाकडेही वळला. येशूचं 'डोंगरावरील प्रवचन' हे भिंतीवर टांगायचं सुवचन नसून जगण्यासाठी आहे, हे त्याच्या मनाने घेतलं. पहिल्या महायुद्धात भाऊ गमावलेल्या जर्मनाला एका फ्रेंचाने हे शिकवावं, यातच बरंच काही आलं.

मग आलं १९३३. ३० जानेवारीला हिटलर चॅन्सेलर झाला. दोनच दिवसांनी बोनहोफरचं रेडिओवर भाषण होतं आणि विषय होता 'नेता' ही कल्पना. जो नेता स्वतःची मूर्ती करून घेतो तो लोकांची दिशाभूल करतो, असा त्याचा मुद्दा होता. भाषण संपायच्या आत प्रक्षेपण बंद झालं. ते कुणी मुद्दाम बंद केलं की वेळ संपली होती, यावर अजून वाद आहे.

एप्रिलमध्ये ज्यूंना सरकारी नोकऱ्यांतून काढण्याचा कायदा आला, आणि तोच नियम चर्चलाही लावायची मागणी सुरू झाली. म्हणजे एखाद्याने बाप्तिस्मा घेतला असला, तो पाद्री असला, तरी आजोबा ज्यू होते म्हणून बाहेर. त्यावर बोनहोफरने एक निबंध लिहिला. सरकार अन्याय करत असेल तर चर्चपुढे तीन मार्ग आहेत, असं त्याने मांडलं. पहिला, सरकारला जाब विचारणं. दुसरा, जे भरडले जातायत त्यांना मदत करणं, मग ते ख्रिस्ती असोत वा नसोत. आणि तिसरा, नुसती चाकाखाली आलेल्यांची मलमपट्टी न करता ते चाकच अडवणं. १९३३ च्या एप्रिलमध्ये असं लिहिणारे पाद्री फार थोडे होते.

पण त्याला लगेच देव्हाऱ्यात बसवू नका. याच निबंधात ज्यूंबद्दलचे चर्चचे जुने पूर्वग्रहही आहेत. आणि त्याच महिन्यात आणखी एक प्रसंग घडला. जुळी बहीण झबीन हिचा नवरा गेऱ्हार्ट लाइबहोल्त्स जन्माने ज्यू होता. त्याचे वडील वारले. अंत्यविधी तू करशील का, असं घरच्यांनी बोनहोफरला विचारलं. सासरे बाप्तिस्मा न घेतलेले. बोनहोफरने वरिष्ठांचा सल्ला घेतला आणि नाही म्हणून सांगितलं. चाक अडवायच्या गोष्टी लिहिणारा माणूस सख्ख्या बहिणीच्या सासऱ्यांच्या अंत्यविधीला कचरला. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये त्याने मेव्हण्याला पत्र लिहून माफी मागितली, मी तेव्हा इतका घाबरलो कसा हे मलाच कळत नाही, अशा अर्थाची.

मला हा प्रसंग फार महत्त्वाचा वाटतो. कारण पुढचा बोनहोफर जन्मतः शूर नव्हता. तो एकदा कचरला आणि ते कचरणं त्याने विसरू दिलं नाही. स्वतःलाच.

जर्मन चर्चमध्ये तोवर 'जर्मन ख्रिश्चन' नावाचा नाझीधार्जिणा गट जोरात आला होता. जुलै १९३३ च्या चर्चच्या निवडणुका त्यांनी दणदणीत जिंकल्या आणि लुडविग म्यूलर हा हिटलरचा माणूस 'राइश बिशप' झाला. वैतागलेला बोनहोफर ऑक्टोबरमध्ये लंडनला निघून गेला, तिथल्या दोन जर्मन मंडळ्यांचा पाद्री म्हणून. कार्ल बार्थ या त्या काळच्या सर्वांत मोठ्या धर्मशास्त्रज्ञाने त्याला खरमरीत पत्र पाठवलं. तुझ्या चर्चच्या घराला आग लागलीय आणि तू तिकडे काय करतोयस, पुढच्या बोटीने परत ये, फार तर त्याच्या पुढच्या! बोनहोफर लगेच आला नाही. पण हे पत्र त्याच्या मनातून गेलंही नसावं.

आता यात आपलं वर्धा कुठून आलं ते सांगतो. लंडनमध्ये असताना बोनहोफरला एकच ओढ लागली होती, भारतात जाऊन गांधीजींबरोबर राहायचं. युरोपातल्या ख्रिस्ती धर्माने येशूची शिकवण पार पातळ करून टाकली आहे, आणि ती प्रत्यक्ष जगणारा माणूस ख्रिस्ती नसून हिंदू आहे, असं त्याला वाटत होतं. हिंसेशिवाय सत्तेला विरोध कसा करायचा आणि एकत्र, शिस्तीत, साधेपणाने कसं राहायचं, हे दोन्ही त्याला शिकायचं होतं. चिचेस्टरचे बिशप जॉर्ज बेल यांनी ऑक्टोबर १९३४ मध्ये त्याच्यासाठी गांधीजींना लिहिलं. गांधीजींचा मुक्काम तेव्हा वर्ध्याला होता. १ नोव्हेंबर १९३४ ला त्यांनी उत्तर पाठवलं, अगदी त्यांच्या खास व्यवहारी शैलीत. जाण्यायेण्याचं भाडं आणि इथला माणशी महिना १०० रुपये खर्च झेपत असेल तर केव्हाही या. मी तुरुंगाबाहेर आणि एका जागी असेन तर माझ्याजवळ राहाल, नाहीतर माझ्या देखरेखीखालच्या एखाद्या संस्थेत. आणि तिथलं साधं शाकाहारी जेवण चालणार असेल, तर राहण्या-जेवणाचा खर्चही नाही.

विचार करा, हा सहा फुटी सोनेरी केसांचा जर्मन वर्ध्याच्या उन्हात सूत कातत बसला असता! पण ते व्हायचं नव्हतं. नाझींना न जुमानणाऱ्या पाद्रींनी मे १९३४ मध्ये बार्मेनला एकत्र येऊन 'कन्फेसिंग चर्च' उभं केलं होतं. त्यांना स्वतःचे पाद्री तयार करायला शाळा हवी होती आणि ती चालवायला बोनहोफर हवा होता. १९३५ च्या वसंतात तो जर्मनीत परतला. भारत राहून गेला तो कायमचाच.

ही शाळा आधी बाल्टिक किनाऱ्यावर झिंग्स्टला आणि मग श्टेटिनजवळ फिंकेनवाल्डला भरली. आश्रमातून जे शिकायचं होतं त्यातलं बरंच त्याने इथे करून पाहिलं असं म्हणता येईल. पंचविशीतली वीसेक पोरं, सामायिक जेवण, सामायिक पैसा, रोज सकाळी अर्धा तास एकाच उताऱ्यावर मौन चिंतन. पोरं या मौनाला जाम वैतागायची म्हणे. एक नियम तर आपल्या ऑफिसातल्या कॅन्टीनमध्ये लावून बघण्यासारखा आहे : जो हजर नाही त्याच्याबद्दल बोलायचं नाही, आणि चुकून बोललात तर नंतर त्याला जाऊन सांगायचं. संध्याकाळी खेळ, पियानो, आणि हार्लेमहून आणलेल्या त्या रेकॉर्ड्स. नाझी जर्मनीत, एका जुन्या वाड्यात, काळ्या अमेरिकनांची गाणी!

सप्टेंबर १९३७ मध्ये गेस्टापोने शाळेला टाळं ठोकलं. वर्ष संपेतो तिथल्या २७ आजी-माजी विद्यार्थ्यांना अटक झाली होती. त्याच वर्षी बोनहोफरचं सर्वांत गाजलेलं पुस्तक आलं, 'नाखफोल्गं' म्हणजे 'अनुसरण'. इंग्रजीत ते 'द कॉस्ट ऑफ डिसायपलशिप' म्हणून ओळखलं जातं. त्यातली मध्यवर्ती कल्पना 'स्वस्त कृपा' आणि 'महाग कृपा' यांची. पश्चात्ताप नको, आयुष्यात बदल नको, किंमत मोजायला नको, फक्त क्षमा हवी... ही स्वस्त कृपा, आणि तीच चर्चची खरी वैरी आहे असं तो म्हणतो. वर्षभर वाट्टेल ते करून देवस्थानाला चांदीचा मुकुट वाहणारे आपल्याकडेही आहेतच, त्यामुळे मुद्दा समजायला ख्रिस्ती असायची गरज नाही.

दुसरं पुस्तक, फिंकेनवाल्डच्या अनुभवांवरचं 'एकत्र जीवन', त्याने १९३८ मध्ये चार आठवड्यांत लिहून काढलं. कुठे? ग्योटिंगेनला, झबीनच्या रिकाम्या घरात. ती, नवरा आणि दोन मुली त्याच सप्टेंबरात देश सोडून गेल्या होत्या. नोव्हेंबरमध्ये देशभर ज्यूंची प्रार्थनास्थळं जाळली गेली. बोनहोफरने आपल्या बायबलमध्ये ७४ व्या स्तोत्राशी, जिथे देवाची मंदिरं जाळल्याचा उल्लेख आहे तिथे, समासात फक्त तारीख लिहिली : ९.११.३८. आणि त्याचं कन्फेसिंग चर्च? ते बरंचसं गप्प राहिलं. खरं तर बार्मेनच्या त्या प्रसिद्ध जाहीरनाम्यातही ज्यूंचा उल्लेख नव्हता, आणि १९३८ मध्ये यातल्या अनेक पाद्रींनी हिटलरशी निष्ठेची शपथही घेतली होती. ज्या संस्थेसाठी भारत सोडला, तीच कच खात होती.

अशा वेळी, १९३९ मध्ये, त्याच्या वयाच्या लोकांना सैन्यात बोलावणं येणार हे कळलं. सैन्यात जायचं म्हणजे हिटलरच्या नावाने शपथ घ्यायची. नकार द्यायचा म्हणजे मरण, वर चर्चही अडचणीत. म्हणून अमेरिका.

या २६ दिवसांची त्याची डायरी उपलब्ध आहे, आणि ती एखाद्या वीरपुरुषाची अजिबात वाटत नाही. उकाडा, एकटेपणा, टाइम्स स्क्वेअरला उगाच भटकणं, घरच्या पत्राची वाट, जर्मनीतल्या बातम्या शोधणं. २० जूनला त्याने तिथल्या कामाला नकार दिला, आणि आपण नेमकं कशामुळे असं ठरवतोय हे आपल्यालाच नीट कळत नाही, असंही नोंदवून ठेवलं. नंतर प्राध्यापक राइनहोल्ड नीबूर यांना त्याने कारण लिहून कळवलं. त्याचा आशय असा : या कठीण काळात मी माझ्या लोकांबरोबर राहिलो नाही, तर युद्धानंतर देश पुन्हा उभारताना तिथे असायचा मला हक्क उरणार नाही. आता जर्मनांपुढे दोनच पर्याय आहेत. संस्कृती टिकावी म्हणून स्वतःच्या देशाचा पराभव इच्छायचा, किंवा देशाचा विजय इच्छून संस्कृती बुडवायची. यातलं काय निवडायचं ते मला माहीत आहे, पण ती निवड मी सुरक्षित जागी बसून करू शकत नाही.

हे शेवटचं वाक्य मी बऱ्याचदा मनात घोळवलंय. मत त्याचं आधीच ठरलेलं होतं. ते कुठे बसून बाळगायचं एवढाच प्रश्न होता.

परतल्यावर थोड्याच आठवड्यांत युद्ध सुरू झालं. १९४० मध्ये त्याला भाषणबंदी झाली, १९४१ मध्ये लेखनबंदी. आणि याच काळात हा बंदी घातलेला पाद्री चक्क जर्मन लष्करी गुप्तहेर खात्यात, 'आबवेर'मध्ये, दाखल झाला! कारण हे खातंच हिटलरविरोधी कटाचा एक अड्डा होतं. प्रमुख अॅडमिरल कानारिस, त्यांचे सहकारी हान्स ओस्टर आणि बोनहोफरचा दुसरा मेव्हणा हान्स फॉन डोनान्यी, हे सगळे त्यात होते. परदेशी चर्चमधल्या ओळखींतून माहिती मिळेल असं कागदोपत्री कारण दाखवून त्याला घेतलं गेलं. त्यामुळे सैन्यभरतीही टळली आणि पासपोर्टही मिळाला.

जून १९४० चा एक किस्सा त्याचा मित्र आणि चरित्रकार एबरहार्ट बेट्गं याने सांगितलाय. दोघं एका बागेतल्या कॅफेत बसले होते. लाउडस्पीकरवर फ्रान्स शरण आल्याची बातमी आली. लोक खुर्च्यांवर चढून गाऊ लागले, हात वर करून सलाम ठोकू लागले. बेट्गं बघतो तर बोनहोफरचाही हात वर! वर तो कुजबुजला, की हात वर कर, वेडा आहेस का? आपल्याला जीव धोक्यात घालायच्या गोष्टी वेगळ्या आहेत, हा सलाम त्यातला नाही. तिथून त्याचं दुहेरी आयुष्य सुरू झालं.

प्रत्यक्षात त्याने काय केलं? त्याने बॉम्ब हाताळला नाही की गोळी झाडली नाही. त्याचं काम संपर्काचं होतं. स्वित्झर्लंड, नॉर्वे आणि मे-जून १९४२ मध्ये स्वीडन. तिथे त्याने बिशप बेल यांना कटवाल्यांची नावं दिली, हिटलर गेल्यावर ब्रिटन आमच्याशी बोलेल का हे विचारायला. बेल यांनी ते परराष्ट्रमंत्री अँथनी ईडन यांच्यापर्यंत नेलं. ईडन नाही म्हणाले. डोनान्यीच्या गटाने 'ऑपरेशन ७' नावाने १४ लोकांना, त्यातले बहुतेक ज्यू वंशाचे, आबवेरचे एजंट दाखवून स्वित्झर्लंडमध्ये सुखरूप पोचवलं. बोनहोफरचा त्यातही हातभार होता.

पण गांधीजींकडे अहिंसा शिकायला निघालेला माणूस खुनाच्या कटात कसा? त्याने स्वतः याचं सोपं उत्तर दिलं नाही. हिटलरला मारणं पुण्य आहे असं तो म्हणाला नाही. खोटं बोलणं, फसवणं, मारणं हे पापच. पण आपले हात स्वच्छ राहावेत म्हणून दुसऱ्यांना मरू देणं हेही पापच. तेव्हा जबाबदार माणसाने दोष अंगावर घ्यावा आणि निवाडा देवावर सोडावा, असं त्याचं म्हणणं 'एथिक्स' या अपुऱ्या राहिलेल्या पुस्तकात दिसतं. मी बरोबर होतो असा दावा नाही. पटो न पटो, पण असा हिशेब मांडणारे राजकीय लोक मी तरी फार पाहिले नाहीत.

५ एप्रिल १९४३ ला त्याला अटक झाली. कटाचा पत्ता तेव्हा लागला नव्हता. आरोप सैन्यभरती चुकवल्याचे होते. बर्लिनच्या टेगेल तुरुंगात तो १८ महिने होता. तिथे सगळ्यांशी अदबीने वागणारा हा कैदी पहारेकऱ्यांनाही आवडू लागला. घरच्यांशी गुप्त संपर्काची पद्धत तर आपल्याला फारच आवडेल. घरून येणाऱ्या पुस्तकात त्याच्या नावाखाली रेघ असली की समजायचं, आत निरोप आहे. मग शेवटच्या पानापासून मागे येत, ठरावीक पानांवर एकेका अक्षराखाली पेन्सिलचा पुसटसा ठिपका. ती अक्षरं जोडली की निरोप तयार. चौकशीत डोनान्यीने काय सांगितलं आणि आपण काय सांगायचं, हे असं जुळवलं जायचं.

मैत्रीतल्या पहारेकऱ्यांच्या हातून बेट्गंला चोरून गेलेली पत्रं हे त्याचं खरं मोठं लेखन. ज्या जगाला देवाची गरज वाटेनाशी झालीय त्या जगात धर्माचा डोलारा न मिरवता ख्रिस्ती असणं म्हणजे काय, हा प्रश्न त्यात तो विचारतो. विज्ञानाला जे अजून कळलं नाही तिथे देव बसवू नका, नाहीतर ज्ञान वाढेल तसा देव आक्रसत जाईल, असं तुरुंगात फिजिक्सचं पुस्तक वाचून लिहिणारा हा पाद्री होता.

अटकेच्या अडीच महिने आधी त्याचं लग्न ठरलं होतं. मारिया फॉन वेडेमायर, वय १८. यानंतर त्यांच्या भेटी झाल्या त्या तुरुंगातच, पहाऱ्यात.

२० जुलै १९४४ चा बॉम्ब फसला. सप्टेंबरात डोनान्यीने जपलेली कागदपत्रं गेस्टापोच्या हाती लागली आणि आता सुटका नाही हे स्पष्ट झालं. एका पहारेकऱ्याबरोबर पळून जायचा बेत पक्का झाला. घरच्यांनी मेकॅनिकचे कपडेही पोचवले. तेवढ्यात भाऊ क्लाऊसला अटक झाली. आपण पळालो तर भावाचे आणि घरच्यांचे हाल होतील, म्हणून बोनहोफरने बेत रद्द केला. १९३९ नंतर दुसऱ्यांदा दार उघडं होतं, आणि दुसऱ्यांदा तो गेला नाही.

मग गेस्टापोचं तळघर, फेब्रुवारी १९४५ मध्ये बुखेनवाल्ड, आणि एप्रिलमध्ये कैद्यांच्या ट्रकमधून दक्षिणेकडे. ८ एप्रिलला रविवार होता. श्योनबर्ग गावच्या शाळेत कोंडलेल्या कैद्यांनी त्याला प्रार्थना घ्यायला सांगितलं. बरेचजण कॅथलिक, एक रशियन तर नास्तिक, म्हणून तो आधी तयार नव्हता. त्या रशियनासकट सगळ्यांनी आग्रह केला तेव्हा घेतली. ती संपते न संपते तोच दोन माणसं त्याला न्यायला आली. रात्री फ्लोसेनब्युर्ग छळछावणीत ना वकील ना साक्षीदार अशा 'खटल्या'चा फार्स, आणि ९ तारखेच्या पहाटे कानारिस, ओस्टर यांच्याबरोबर फाशी. तो शांतपणे मृत्यूला सामोरा गेला असं छावणीच्या डॉक्टरने पुढे लिहिलं आणि ते सगळीकडे छापलं जातं, पण त्या वर्णनावर अभ्यासकांनी गंभीर शंका घेतल्या आहेत. दोन आठवड्यांनी, २३ एप्रिलला, अमेरिकन सैन्य छावणीत पोचलं. क्लाऊस, डोनान्यी आणि आणखी एक मेव्हणा हेही त्याच महिन्यात मारले गेले. आई-वडिलांना बोनहोफरच्या मृत्यूची खात्री पटली ती जुलैत, लंडनमधली श्रद्धांजली सभा बीबीसीवर ऐकून.

पुढची गोष्ट थोडक्यात. बेट्गंने ती पत्रं जपून १९५१ मध्ये प्रसिद्ध केली आणि जिवंतपणी मर्यादित वर्तुळात माहीत असलेला हा लेखक जगभर वाचला जाऊ लागला. लंडनच्या वेस्टमिन्स्टर अॅबेच्या दारावर १९९८ पासून मार्टिन ल्यूथर किंगच्या रांगेत त्याचाही पुतळा आहे. पण जर्मन कायद्याला इतकी घाई नव्हती. त्याला फाशी सुनावणाऱ्या न्यायाधीशाला १९५६ मध्ये पश्चिम जर्मनीच्या सर्वोच्च न्यायालयाने निर्दोष सोडलं. म्हणजे तो 'खटला' कायदेशीर ठरला! ती शिक्षा केव्हाच रद्दबातल झालेली आहे, हे बर्लिनच्या कोर्टाने स्पष्ट म्हणायला १९९६ उजाडलं.

आणि मारिया? ती अमेरिकेला गेली, गणितात मास्टर्स केलं आणि कॉम्प्युटरच्या क्षेत्रात शिरली. आधी रेमिंग्टन रँड युनिव्हॅक, मग हनीवेलमध्ये वरच्या पदापर्यंत. म्हणजे आपल्याच धंद्यातली, आपल्या आधीच्या पिढीची सीनियर! १९७७ मध्ये ती गेली. त्या दोघांची पत्रं पुस्तकरूपाने १९९२ मध्ये आली.

आज बोनहोफरला सगळेच 'आमचा' म्हणतात. अमेरिकेत तर डावे आणि उजवे दोघंही त्याचा दाखला देऊन एकमेकांना नाझी ठरवतात. 'वाईटासमोर गप्प राहणं हेच वाईट' अशा अर्थाचं एक वाक्य त्याच्या फोटोसकट सतत फॉरवर्ड होत असतं. ते त्याच्या लेखनात कुठेही सापडत नाही. मला तर वाटतं त्याने ते इतकं सोपं करून लिहिलंही नसतं. कारण केव्हा बोलायचं, केव्हा गप्प बसून हात वर करायचा, आणि कुठली बोट पकडायची, हे त्याला प्रत्येक वेळी नव्याने ठरवावं लागलं. त्यात तो एकदा कचरला, एकदा लंडनला निघून गेला, आणि मग दोनदा थांबला.

असो. वाचायचं असेल तर जाडजूड चरित्रापासून सुरुवात करू नका. 'लेटर्स अँड पेपर्स फ्रॉम प्रिझन' घ्या आणि त्यातलं २१ जुलै १९४४ चं पत्र आधी वाचा. बॉम्ब फसल्याच्या दुसऱ्या दिवशी, सगळं संपलंय हे कळल्यावर लिहिलेलं. त्यात कटाबद्दल उघड एक अक्षर नाही. आपण एकेकाळी पवित्र आयुष्य जगायच्या नादात होतो आणि आता फक्त या जगात पूर्ण बुडून माणूस व्हायला शिकतोय, एवढंच तो मित्राला सांगतो.